माझ्याकडे चालतं, तिथं का नाही?

सकाळी साडेदहाला फोन वाजतो. ‘‘साहेब, सॉफ्टवेअर बंद पडलंय.’’ काउंटरपाशी चार गिऱ्हाइकं उभी असतात, कॅशियरच्या आवाजात घाई असते, आणि आपल्यासमोरच्या मशीनवर तोच प्रोग्राम व्यवस्थित चालत असतो. डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा फोन ओळखीचा आहे. वेबसाइट बिघडली तर ती निदान आपल्याच सर्व्हरवर बिघडते. डेस्कटॉप प्रोग्राम मात्र परक्या घरी नांदायला जातो. तिथलं विंडोज वेगळं, तारखेची रीत वेगळी, प्रिंटर जुना, आणि अँटिव्हायरस कुणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकलेला.

गेली वीस वर्षं मी पतसंस्था, कापड दुकानं आणि लहान कारखान्यांसाठी असे प्रोग्राम लिहितो आहे. या काळात हाती लागलेल्या बहुतेक चुकांच्या तळाशी एखादं न लिहिलेलं गृहीत निघालं. तारीख अशीच लिहिली जाणार, हे फोल्डर लिहायला मोकळंच असणार, बटण एकदाच दाबलं जाणार, नाव इंग्रजीतच असणार. माझ्या मशीनवर ही सगळी गृहीतं खरी असतात, म्हणून तिथं चूक दिसत नाही. या लेखात अशी काही गृहीतं आणि त्यांवरचे उपाय सांगतो. उदाहरणं बहुतेक विंडोजवरची, व्हीबी आणि डॉट नेटची आहेत, कारण आपल्याकडच्या दुकानांत अजून तेच जास्त चालतं. पायथन, जावा किंवा क्यूटी वापरणाऱ्यांनाही ती परकी वाटणार नाहीत.

आधी त्या फोनचं बोलू. ‘‘बंद पडलंय’’ या शब्दाचे किमान चार अर्थ असतात: उघडतच नाही, उघडून मिटतं, पडदा गोठतो, किंवा चालतं पण आकडा चुकतो. म्हणून कोडला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. शेवटचं बटण कोणतं दाबलं? काल चालत होतं का, आणि कालपासून आजपर्यंत मशीनवर काय बदललं? शेजारच्या मशीनवर चालतं का? दुसऱ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर नेहमी ‘‘काहीच नाही’’ असं येतं. थोडं थांबून पुन्हा विचारलं की कळतं, रात्री विंडोज अपडेट झालं किंवा भाच्यानं मशीन फॉरमॅट करून दिलं. चूक आपल्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवता येत नाही तोवर ती दुरुस्त झाली असं समजू नका. अंदाजानं दोन ओळी बदलून नवी फाइल पाठवली तर चूक जागची हलत नाही, आणि वर दुसरी एक तयार होते.

फोल्डर, ज्याचे दोन होतात

एका पतसंस्थेतून तक्रार आली, की कालच्या सगळ्या नोंदी गायब झाल्या आहेत. मी पोचलो तेव्हा नोंदी दिसत होत्या. दुपारी दुसऱ्या कारकुनानं स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, आणि पुन्हा गायब. माणसं एकमेकांकडे संशयानं पाहू लागली होती, आणि याचं मला फार वाईट वाटलं, कारण चूक संपूर्णपणे माझी होती.

डेटाबेसची फाइल मी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, प्रोग्रामच्या शेजारीच ठेवली होती. एक्सपीच्या काळात बहुतेक लोक अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करायचे, त्यामुळे ते खपून जायचं. २००७ साली व्हिस्टा बाजारात आलं आणि अॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातूनही प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या हक्कांनीच चालू लागले, त्यामुळे त्या फोल्डरात लिहिता येईना. पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून विंडोजनं एक सोय ठेवली. मॅनिफेस्ट नसलेला ३२ बिटचा प्रोग्राम तिथं लिहायला गेला, की विंडोज ती फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’तल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात उतरवतं. प्रोग्रामला वाटतं, आपण मूळ जागीच लिहिलं. प्रत्यक्षात एका कारकुनाची प्रत वेगळी, दुसऱ्याची वेगळी. त्यात कुणी ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ केलं तर ही सोय बंद होते आणि तिसरीच, सगळ्यात जुनी प्रत समोर येते.

अशी तक्रार आली तर आधी प्रत्येक वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पाहा. डेटा तिथंच असतो. तो हलवण्यापूर्वी सगळ्या प्रती तारखेसह बाजूला ठेवा, मगच एकत्र करायला घ्या. कायमचा उपाय सोपा आहे. सगळ्यांचा मिळून असलेला डेटा ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरात ठेवायचा, एकेकाच्या आवडीनिवडी त्याच्या ‘अॅपडेटा’त, आणि प्रोग्रामला मॅनिफेस्ट जोडायचं. इथं एक गोष्ट हमखास राहून जाते. प्रोग्रामडेटात एका वापरकर्त्यानं तयार केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण बदलता येतेच असं नाही. म्हणून आपलं उपफोल्डर सेटअपमध्येच तयार करून, सगळ्यांना लिहिण्याची परवानगी तिथंच द्यायला हवी.

याच जातीची धाकटी चूक म्हणजे फाइलचा अर्धवट पत्ता. ‘डेटा फोल्डरातली अमुक फाइल’ एवढंच कोडमध्ये लिहिलं तर ती ‘चालू फोल्डरा’त शोधली जाते, आणि ते फोल्डर प्रोग्रामचंच असेल याची खात्री नसते. शॉर्टकटमुळे ते बदलतं. कुणी फोटो जोडण्यासाठी फाइल निवडण्याची खिडकी उघडून दुसरीकडे गेलं तरी बदलू शकतं. मग फोटो जोडल्यावरच पावती छापली जात नाही अशी चमत्कारिक तक्रार येते. पत्ता नेहमी पूर्ण बांधा.

तारीख: महिन्याचे पहिले बारा दिवस

आपल्या धंद्यातली सगळ्यात महाग चूक कोणती असं मला विचारलं तर मी तारीख म्हणेन. कारण ती ओरडत नाही. प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही, आणि मार्चअखेरीला तेरीज जुळत नाही तेव्हा कुठं शोध सुरू होतो.

अॅक्सेसच्या क्वेरीत तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये मजकूर म्हणून लिहिली, तर ती अमेरिकी पद्धतीनं वाचली जाते: आधी महिना, मग दिवस. ०२/०४/२०२४ ही आपली २ एप्रिल तिथं ४ फेब्रुवारी होते. खरा घात पुढे आहे. १५/०४/२०२४ लिहिलं तर पंधरावा महिना नसल्यामुळे तेच इंजिन समजुतीनं १५ एप्रिल घेतं. म्हणजे १३ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत सगळं बरोबर आणि पहिल्या बारा दिवसांत चूक, त्यातही ४ एप्रिल किंवा ५ मे अशा जुळ्या आकड्यांच्या तारखा बरोबर. प्रोग्रामची चाचणी महिन्याच्या विसाव्या तारखेला घेतली असेल तर तो पास होतो.

पतसंस्थेच्या हिशेबात याचा अर्थ काय होतो ते पाहा. १, २ आणि ३ एप्रिलच्या नोंदी अनुक्रमे ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी आणि ४ मार्चला जातात, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. ४ ते १२ जानेवारीच्या नोंदी एप्रिल ते डिसेंबरमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षात पडतात. ठेवीचं व्याज त्याच तारखेवरून मोजलं जात असेल, तर खातेदाराच्या पैशात फरक पडतो.

यावरचा उपाय म्हणजे तारीख मजकूर म्हणून क्वेरीत जोडायचीच नाही. पॅरामीटर वापरायचा आणि तारखेचा प्रकार तारीख असाच ठेवायचा. कधी मजकूर लिहिणं भागच पडलं तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यातही एक खाच आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’ प्रकारात २०२४-०४-०२ हे रूपसुद्धा भाषेच्या सेटिंगप्रमाणे उलटं वाचलं जाऊ शकतं. मधल्या रेघा न घालता २०२४०४०२ असं सलग लिहिलं तर ते सुरक्षित. पडद्यावर मात्र माणसाला सवयीचं ०२/०४/२०२४ दाखवा. साठवण्याचं रूप आणि दाखवण्याचं रूप वेगळं ठेवणं ही सवय पुढे आकड्यांतही उपयोगी पडते.

पॅरामीटरची आणखी एक निकड सांगायला हवी. गोव्यात आणि वसईकडे डि’सूझा, डि’कॉस्टा अशी नावं घरोघरी आहेत. नावातलं ते वरचं चिन्ह क्वेरीत जसंच्या तसं गेलं की क्वेरी तिथंच तुटते आणि त्या माणसाचं खातंच उघडत नाही. काही जण नावातलं चिन्ह काढून टाकतात. माणसाचं नाव आपल्या सोयीनं बदलायचा हक्क आपल्याला नाही. शिवाय ज्या भगदाडातून हे चिन्ह क्वेरी तोडतं, त्याच भगदाडातून कुणी मुद्दाम डेटाबेसला वाईट हुकूमही देऊ शकतो. पॅरामीटर वापरले की दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

एका पैशाचा फरक

संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ‘डबल’ या प्रकारात करायला सांगा. उत्तराच्या सतराव्या दशांश स्थानावर एक ४ उगवलेला दिसेल. असा दशमान अपूर्णांक द्विमानात नेमका बसत नाही, जसा एकतृतीयांश दशमानात बसत नाही. अंतर मोजताना याचं काही वाटत नाही, पैशात वाटतं. १.१५ ला १०० नं गुणलं की डबलमध्ये ११५ येत नाहीत, त्याहून किंचित कमी येतात, आणि पूर्णांक काढताना पुढचं छाटलं तर १ रुपया १५ पैशांचे ११४ पैसे होतात. पैशासाठी डॉट नेटमध्ये ‘डेसिमल’, व्हीबी ६ मध्ये ‘करन्सी’, जावात ‘बिगडेसिमल’ वापरा, नाहीतर सगळे हिशेब पूर्णांक पैशांत ठेवा. याला अपवाद करू नका.

मग राउंड ऑफ. २.५ चे पूर्णांकात किती? शाळेत आपण ३ शिकलो, एक्सेलही ३ म्हणतं. पण डॉट नेटचं ‘राउंड’, व्हीबी ६ चं आणि पायथन ३ चं, तिघंही २ म्हणतात, आणि ३.५ चे मात्र ४ करतात. बरोबर मध्यावरचा आकडा ती जवळच्या सम संख्येकडे नेतात. ही चूक नव्हे, जुनी आणि विचारपूर्वक ठरवलेली रीत आहे. पण प्रोग्रामचं बिल आणि सीएंच्या एक्सेलमधला आकडा जुळत नाही त्याचं कारण पुष्कळदा इथं सापडतं. एक उदाहरण करून बघा. १२.५० रुपयांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २.२५. तोच ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असा वेगवेगळा काढला तर प्रत्येकी १.१२५. शाळेच्या रीतीनं १.१३ आणि १.१३, एकूण २.२६. सम संख्येच्या रीतीनं १.१२ आणि १.१२, एकूण २.२४. एकाच बिलाची तीन उत्तरं. कोणती रीत पाळायची ते गिऱ्हाइकाच्या सीएंशी बोलून ठरवा, ती एकाच फंक्शनमध्ये लिहा, आणि बिल, रिपोर्ट, रिटर्न सगळ्यांनी त्याच फंक्शनकडे जायला हवं. डॉट नेटमध्ये शाळेची रीत हवी असेल तर तसा पर्याय ‘राउंड’ला स्पष्ट सांगता येतो.

व्हीबीतल्या ‘व्हॅल’ या फंक्शनबद्दल वेगळं सांगतो. ते स्वल्पविराम दिसला की वाचणं थांबवतं. कॅशियरनं १,२५० टाइप केले की व्हॅल त्याचा १ करतं, आणि तेही बिनबोभाट. जुन्या कोडमध्ये हे फंक्शन शोधा आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा विचार करा.

गोठलेला पडदा

बटण दाबलं, पडदा पांढरट झाला, वर ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली. प्रोग्राम मेलेला नसतो, तो दुसऱ्या कामात गुंतलेला असतो. खिडकी रंगवणं, माउस ऐकणं, कळा ऐकणं हे सगळं एकाच थ्रेडवर चालतं. त्याच थ्रेडला आपण व्याज काढायला बसवलं, तर मागून येणारे निरोप रांगेत अडतात. सुमारे पाच सेकंद निरोप उचलले गेले नाहीत की विंडोज तो प्रोग्राम अडकला असं धरतं. विनफॉर्म्स, क्यूटी, जावाचं स्विंग, पायथनचं टीके, सगळीकडे रचना हीच आहे.

कॅशियर अशा वेळी काय करतो? पुन्हा दाबतो. ते दाबणं रांगेत उभं राहतं आणि काम संपल्यावर दुसरी पावती निघते. पुष्कळ जण यावर बटण सुरुवातीला बंद करून शेवटी चालू करतात. काम त्याच थ्रेडवर असेल तर याचा उपयोग होत नाही, हे मला फार उशिरा समजलं. मधल्या काळातलं दाबणं रांगेतच असतं, आणि बटण चालू झाल्यानंतर ते पोचतं. दुसरा जुना उपाय म्हणजे लूपमध्ये ‘डूइव्हेंट्स’ पेरणं. त्यानं पडदा हलतो, पण काम अर्धवट असताना तेच काम पुन्हा सुरू होऊ शकतं, कुणी फॉर्मच बंद करू शकतो, आणि मग ज्या चुका होतात त्या पुन्हा घडवून दाखवणं जवळपास अशक्य असतं. डूइव्हेंट्स टाळा.

लांबणारं काम वेगळ्या थ्रेडवर न्या. डॉट नेटमध्ये २०१२ पासून ‘असिंक’ आणि ‘अवेट’ आहेत, त्यांनी कोड वाचायला सरळ राहतो. मात्र पार्श्वभूमीतल्या थ्रेडवरून खिडकीतल्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही. लेबल बदलायचं असलं तरी निरोप मुख्य थ्रेडकडे पाठवायचा: विनफॉर्म्समध्ये ‘बिगिनइनव्होक’, क्यूटीत सिग्नल, टीकेमध्ये ‘आफ्टर’. आणि असिंक कामाचं उत्तर मुख्य थ्रेडवर ‘रिझल्ट’ किंवा ‘वेट’ वापरून अडून मागू नका. मुख्य थ्रेड त्या कामाची वाट पाहतो, काम मुख्य थ्रेड मोकळा होण्याची वाट पाहतं, आणि दोघंही कायमचे थांबतात. एवढं करूनही पावती क्रमांकावर डेटाबेसमध्येच ‘एकमेव’ अशी अट घाला. पडद्यावरची काळजी चुकली तर शेवटचा पहारा तिथं असतो.

थ्रेडचं कोडं घालण्याआधी एकदा मोजूनही पाहा, वेळ नेमका कुठं जातो. पाच हजार खात्यांसाठी पाच हजार वेळा डेटाबेसला विचारलं असेल, तर ते एका क्वेरीत आणा. एसक्यूलाइटमध्ये हजारो नोंदी भरायला मिनिटं लागत असतील तर त्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला. प्रत्येक नोंद स्वतंत्र ट्रान्झॅक्शन झाली, की दरवेळी माहिती डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि जुन्या फिरत्या डिस्कवर असं सेकंदाला काही डझन वेळाच होतं.

मराठी मजकूर

हा विषय परकी पुस्तकं शिकवत नाहीत, आणि आपल्याला तर रोज लागतो.

व्हीबी ६ ची साधी टेक्स्टबॉक्स युनिकोड दाखवत नाही. मराठी टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात, आणि ती तशीच जतन झाली तर मूळ नाव परत मिळवण्याचा कुठलाही मार्ग उरत नाही. रशियन किंवा जपानीसाठी विंडोजमध्ये जुनी कोडपेज आहेत, तिथं सेटिंग बदलून निभावतं. देवनागरी विंडोजमध्ये पहिल्यापासून युनिकोडवरच उभी आहे, म्हणून ही पळवाट आपल्याला नाही. नवा डेटाबेस करताना एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘व्हारकॅर’ऐवजी ‘एनव्हारकॅर’ घ्या, नाहीतर तीच प्रश्नचिन्हं तिथं भेटतील. आणि सीएसव्ही फाइल युटीएफ-८ मध्ये लिहिताना सुरुवातीला बॉम हे अदृश्य चिन्ह घाला. ते नसेल तर डबल क्लिक केल्यावर एक्सेल तुमच्या मराठीची विचित्र रोमन चिन्हांची रांगोळी करून दाखवतं. फाइल बिघडलेली नसते, फक्त चुकीची वाचलेली असते.

आता लांबी. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणकाला ते सहा दिसतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. पावतीवर जागा कमी म्हणून ‘ज्योत्स्ना’ हे नाव आठव्या खुणेवर कापलं तर ‘ज्योत्स्’ एवढं उरतं. पावतीवर नाव बसवायचं तर खुणा मोजू नका, त्या फॉन्टमध्ये शब्दाची रुंदी किती भरते ते मोजा, आणि कापायचंच असेल तर पूर्ण शब्दावर कापा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला थेट अक्षरं पाठवण्याची जुनी पद्धत इथं चालत नाही, कारण सर्वसाधारणपणे त्याच्या पोटात देवनागरी नसते. विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत चित्र म्हणून छापावं लागतं. ते सावकाश होतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. रुपयाचं ₹ हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टवर तिथं चौकोन येईल. ‘रु.’ लिहिणं केव्हाही सुरक्षित.

शोध घेताना तर फारच गंमत, म्हणजे खरं तर अडचण होते. वकिलांच्या नावाआधीचं ‘ॲड.’ दोन प्रकारे टाइप होतं. एकात ‘ॲ’ ही एकच खूण असते, ती युनिकोडमध्ये २००८ साली आली. दुसऱ्यात ‘अ’ आणि त्यावर वेगळी चंद्राची खूण. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात, पण शोधात एक दुसऱ्याला सापडत नाही. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननंही ही दोन एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानत नाही. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ या आडनावांमधला ऱ्ह असाच. कुठल्या कीबोर्डनं ‘ऱ’ आणि हलन्त घातलेलं असतं, कुठल्यानं साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. म्हणून शोधासाठी नावाचा एक वेगळा रकाना ठेवा. त्यात आधी नॉर्मलायझेशन करा, मग ही रूपं स्वतः एकसारखी करा, अदृश्य खुणा आणि जादा मोकळ्या जागा काढा. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. मूळ नाव माणसानं लिहिलं तसंच जपा.

क्रमवारीतही तसंच. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर काळे आधी आणि कावळे मागून येतात. तुलना करताना मराठीचे नियम निवडण्याची सोय बहुतेक भाषांत आहे, ती वापरा. आणि रकमेच्या चौकटीत कुणी १२५ असे देवनागरी अंक टाइप केले तर? पायथन आणि जावा ते संख्या म्हणून स्वीकारतात, डॉट नेट नाकारतं. दहा अंकांची अदलाबदल करणारं छोटं फंक्शन आधी चालवा, म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहिला म्हणून कुणाचं काम अडणार नाही.

गिळलेली एरर आणि बोलकी नोंद

‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ किंवा रिकामा ‘कॅच’ मला कोडमध्ये दिसला की मी बाकी काम थांबवतो. एरर गिळली म्हणजे ती गेली असं होत नाही. पैसे खात्यातून वजा झाले आणि पावती लिहिताना चूक झाली, ती चूक गिळली, तर पुढं काय झालं हे कुणालाच कधी कळणार नाही. जी चूक आपल्याला खरोखर हाताळता येते तीच पकडा. बाकीच्या सगळ्यात वरच्या पातळीवर एका ठिकाणी पकडा, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदवा, आणि वापरकर्त्याला मराठीत दोन ओळी आणि एक नोंद क्रमांक दाखवा. त्या नोंदीत वेळ, प्रोग्रामची आवृत्ती, कोणता फॉर्म, आणि आतल्या एररसह संपूर्ण मजकूर हवा. पासवर्ड, आधार क्रमांक तिथं कदापि नको. ही फाइल व्हॉट्सअॅपवर फिरणार आहे.

दोन तक्रारी त्यांच्या लक्षणांवरूनच ओळखता येतात. मशीन बदलल्यावर ‘जेट ४.० प्रोव्हायडर नोंदलेला नाही’ अशा अर्थाची एरर आली, तर प्रोग्राम ६४ बिटमध्ये चालतो आहे, आणि तो प्रोव्हायडर फक्त ३२ बिटमध्ये आहे. प्रोजेक्टमध्ये एक्स ८६ निवडून पुन्हा बांधा. आणि सकाळी ठणठणीत असलेला प्रोग्राम संध्याकाळकडे चित्रं रंगवेनासा होऊन कोसळत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा रकाना उघडा. एका प्रोग्रामला साधारण १०,००० ची मर्यादा असते. आकडा दिवसभर चढतच असेल, तर कुठंतरी फॉन्ट, ब्रश किंवा चित्र वापरून परत केलेलं नाही. दर बिलामागे तो कितीनं चढतो ते पाहिलं की जागा सापडते.

गिऱ्हाइकाकडे नेण्यापूर्वी

व्हर्च्युअल मशीनवर एक कोरं विंडोज ठेवा. त्यात व्हिज्युअल स्टुडिओ नको, अॅडमिनिस्ट्रेटर नको. वापरकर्त्याचं नाव मराठीत ठेवा, म्हणजे त्याच्या फोल्डरचा पत्ताही मराठीत होईल आणि तो न पेलणारी लायब्ररी लगेच उघडी पडेल. रिजन अमेरिकेचं ठेवा. पडद्याचं मोजमाप १२५ टक्के ठेवा. मग सेटअप चालवा, महिन्याच्या ५ तारखेचं एक बिल डि’सूझांच्या नावानं करा आणि एक गोऱ्ह्यांच्या नावानं, रकमेत स्वल्पविराम टाका, आणि छापताना बटण तीनदा दाबा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी हे सुरू केल्यापासून साडेदहाचे फोन खूपच कमी झाले.

डेटाबेसची फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरात ठेवून चार मशीनवरून उघडायची असेल, तर आत्ताच थांबा. वायफाय एका क्षणासाठी तुटलं तरी अॅक्सेसची फाइल बिघडू शकते, तिची मर्यादाही २ जीबीच आहे. एसक्यूलाइटचे कर्तेही नेटवर्क फोल्डरावर ती न वापरण्याचा सल्ला देतात. एका मशीनवर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस बसवा, बाकीच्यांनी त्याला विचारावं.

बॅकअपच्या बाबतीत एवढंच सांगतो. चालू प्रोग्रामच्या डेटाबेसची फाइल उचलून पेन ड्राइव्हवर कॉपी करणं हा बॅकअप धरू नका. एसक्यूलाइट ‘वॉल’ पद्धतीनं चालत असेल तर आजच्या ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलीत असू शकतात, आणि मुख्य फाइल एकटी उचलली तर त्या मागेच राहतात. डेटाबेसची स्वतःची बॅकअपची सोय वापरा. मग महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडा, आदल्या दिवसाची रोजकीर्द छापा आणि संस्थेतल्या कागदाशी अखेरची शिल्लक ताडून पाहा. ती पैशापर्यंत जुळली की त्या कागदावर तारीख घालून कॅशियरची सही घ्या आणि फाइलला लावा.